तुटक्या नऊचा शिक्का

१

मेलेल्या बाईने पुस्तक नेल्याची नोंद कलानिधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात सोमवारी सापडली, आणि शनिवारी सकाळी त्या बाईच्या नवऱ्याला बोलावणं आलं.

अनंतराव देवस्थळी नारायण पेठेतून चालतच आले. शनिवार पेठेतलं ते ग्रंथालय म्हणजे सात मिनिटांचा रस्ता, पण दीड वर्षात ते एकदाही इकडे फिरकले नव्हते. कुसुमताईंनी इथे एकतीस वर्षं ग्रंथपालकी केली आणि अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर, नोकरीचं एक वर्ष शिल्लक असताना, चार दिवसांच्या तापाने त्या गेल्या. अनंतराव सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेले होते. खोट्या सह्या पकडण्यात हयात गेलेला माणूस, त्यामुळे देवावर बेताचा आणि भुतावर अजिबात विश्वास नाही. तरी जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबले, हे खरं.

"बसा," कुलसचिव राजनंदिनी निंबाळकर म्हणाल्या. "तुम्हाला त्रास देतेय, मला कळतं. पण हे पाहा."

त्यांनी पुस्तकाचं कार्ड पुढे सरकवलं. 'काठवही, खंड सातवा'. त्याखाली जांभळ्या शाईत परतीची तारीख, २४ एप्रिल २०००. त्यापुढे सही, 'कुसुम देवस्थळी'.

काठवह्या हा कुसुमताईंचा जीव होता. गावोगावच्या लुगड्यांच्या काठांचे खरे तुकडे त्यांनी अकरा जाड वह्यांत चिकटवले होते, आणि प्रत्येकाखाली विणकराचं नाव, गाव नि मालकिणीचं नाव लिहिलं होतं. कापडाला कसर लागू नये म्हणून प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यात त्यांनी वेखंडाची पुरचुंडी शिवली होती. वेखंड फक्त या अकरा वह्यांना, बाकीच्या पुस्तकांना नाही. आता त्या वह्या दहाच उरल्या होत्या.

"आणि हे एवढंच नाही," निंबाळकरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "जानेवारीपासून इथे चमत्कार चाललेत. वर्षानुवर्षं कुणी न नेलेल्या पुस्तकांवर अचानक शिक्के उमटतात. एकशे चाळीस पुस्तकं झाली. सगळ्यांवर तारीख एकच, एकतीस डिसेंबर नव्व्याण्णव. कुसुमबाईंचाच तो शिक्का, नवाची शेपटी तुटलेला. लोक म्हणतात, बाई येऊन जातात."

तुटका नऊ अनंतरावांनाही पाठ होता. कुसुमताई तो शिक्का पर्समधून घरी आणत आणि लोणच्याच्या बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर मारत. त्यातली लिंबाच्या लोणच्याची शेवटची बरणी अजून फळीवर होती. तिला हात लावायचं त्यांना धाडस होत नव्हतं. आणि एकतीस डिसेंबर नव्व्याण्णव हा कुसुमताईंच्या निवृत्तीचा दिवस. 'हा शिक्का आणि मी बरोबरच रिटायर होणार,' असं त्या शिक्का विकत आणल्यापासून म्हणत आल्या होत्या.

"तो शिक्का कुठेय?"

"त्या गेल्यापासून कुणी पाहिलेला नाही. पण आमच्या शिपायाच्या, दशरथच्या कपाटात जांभळ्या शाईची गादी सापडली. तो तोंड उघडत नाही. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय, पण माझा नाइलाज आहे. आज संध्याकाळी पाचला मी पोलिसांना फोन करणार. त्याआधी एकच सांगा, ही सही बाईंचीच आहे का?"

अनंतरावांनी भिंग काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी सही खरी निघावी असं त्यांना वाटत होतं. तशी निघाली असती तर ते वेडे ठरले असते, पण एकटे राहिले नसते.

कुसुमताई आधी अक्षरं लिहीत आणि डोक्यावरची रेघ शेवटी एका फटक्यात ओढत. इथे प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी होती.

"ही सही केलेली नाही," भिंग मिटत ते म्हणाले. "काढलेली आहे. खाली दुसरी सही ठेवून, सावकाश. पाचपर्यंत मला इथे फिरू द्या."

२

कुसुमताईंच्या टेबलावर आता एक कॉम्प्युटर होता आणि त्यामागे अवधूत. सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेला, पंचविशीचा, गळ्यात ओळखपत्र घातलेला.

"सर, फ्रँकली, माझा या कार्डबिर्डशी संबंध नाही," तो म्हणाला. "माझं काम डेटा एन्ट्री आणि स्कॅनिंग. प्लस वीडिंग. म्हणजे दहा वर्षांत जे पुस्तक एकदाही इश्यू झालं नाही ते लिस्टमधून बाहेर, रद्दीत. जागाच नाहीये ना."

"आणि तारीखचिठ्ठीवर शिक्का असेल तर?"

"तर ते राहतं. रूल इज रूल. तिथेच तर भीती वाटते, सर. एक पुस्तक मी स्वतः चेक केलेलं, चिठ्ठी कोरी. दोन दिवसांनी बघतो तर शिक्का! वायटूकेला, म्हणजे दोन हजार साल उजाडताच कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून, आख्खं जग घाबरलं, पण एकतीस डिसेंबरला आमच्याकडे काही झालं नाही. आता इथे तीच तारीख पुन्हा पुन्हा येते. मी आईला सांगून अंगारा आणलाय."

त्याने खरोखरच कीबोर्डखालची पुडी दाखवली. पुण्यात प्रगती अशीच येते, असा शेरा अनंतरावांच्या जिभेवर आला, पण त्यांनी गिळला.

"काठवह्या कोण हाताळत होतं?"

"मीच. स्कॅन करून त्या नेटवर टाकायच्यात, जगात कुणीही बघू शकेल. एक ते सहा झाल्या. सोमवारी सातवी घेणार, तर गायब. त्या दिवसांत कपाट उघडंच असायचं. कुणीही नेऊ शकलं असतं."

तेवढ्यात मागून भारदस्त आवाज आला. "कुणीही नाही. जो रोज सगळ्यांत शेवटी पिशवी घेऊन निघतो, तो."

हे प्राध्यापक हिंमतराव मोहिते, वस्त्रकला विभागाचे प्रमुख. कुसुमताईंची जागा भरली गेली नाही, म्हणून ग्रंथालयाचा कार्यभार त्यांच्याकडेच होता. कडक इस्त्रीचा खादीचा झब्बा आणि चेहऱ्यावर समजूतदार दुःख.

"देवस्थळी, तुमच्यासाठी मला वाईट वाटतं. गेलेल्या माणसाचं नाव असं वापरावं! मी माझ्याकडून कसूर केली नाही. मार्चपासून देवघेव सगळी कॉम्प्युटरवर. जानेवारीत आणलेला तारखेचा नवा शिक्का, भुताटकीचा बोभाटा झाल्याबरोबर मी माझ्या खणात कुलूपबंद केला. किल्ली माझ्या खिशात असते. आणखी काय करायचं माणसाने?"

"काहीच नाही. आपण फारच काळजी घेतलीत," अनंतराव म्हणाले.

दालनाच्या भिंतीवर एक मोठं भित्तिपत्रक होतं. 'मोहिते काठ: राष्ट्रीय सन्मानप्राप्त संकल्पन'. निळ्या काठावर पिवळ्या रुईफुलांची ओळ होती, आणि दर सातवं फूल उलटं.

"सुरेख," अनंतराव म्हणाले. "हे उलटं का?"

"ते माझं विधान आहे. चौकट मोडणारी आधुनिक स्त्री," हिंमतराव हसले. "परवा दिल्लीत सन्मान स्वीकारायचाय."

अनंतरावांनी फुलं पुन्हा मोजली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कोणीतरी कानाशी येऊन मोज म्हणाल्यासारखं झालं होतं.

३

दशरथ जिन्याखाली बसला होता. शेजारी रद्दी ठरलेल्या पुस्तकांची गोणपाटं रचलेली. पाच वाजता टेम्पो येणार होता, म्हणजे पोलीस आणि रद्दीवाला एकाच मुहूर्तावर. माणूस मांजरी गावचा, वाळक्या अंगाचा. उजव्या हाताची दोन बोटं जांभळी.

"अनंतराव, तुमी कशाला आलात," तो अर्धवट उठून पुन्हा बसत म्हणाला. "बाईंच्या माणसाला माझ्यापायी हेलपाटा."

"दशरथ, वही तू नेलीस?"

"न्हाई."

"शिक्के तू मारलेस?"

दशरथने मान खाली घातली.

"इचारू नका. म्या बाईंना सबूद दिलाय. पोलीस नेत्यात तर नेऊ द्या."

"अरे, एकतीस वर्षं इथे राबलास. निघताना बेड्या घालून जाशील? गावात काय तोंड दाखवशील?"

"त्येच रोज राती मनात येतंय," तो म्हणाला. "पर सबूद तो सबूद."

अनंतराव त्याच्या खांद्यावर हात ठेवायला वाकले आणि तसेच थांबले. वास आला होता. उग्र, कडवट, ओळखीचा. वेखंडाचा. घरी साड्यांचं कपाट उघडताना येई तो, कुसुमताईंच्या पदराला येई तो. दीड वर्षात त्यांनी तो वास घेतला नव्हता. जिन्याखाली अंधार होता, आणि ती अगदी हाताच्या अंतरावर उभी असल्यासारखी वाटत होती.

"तुलाही येतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"परवापासनं येतोय," दशरथ म्हणाला. "म्हनून तर हितं बसतो."

४

अनंतराव भर बारा वाजता घरी परतले, ते जेवायला नव्हे. त्यांनी कुसुमताईंचं साड्यांचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

कपाटाखाली उंदरांचा सापळा होता. त्याचीही एक कथा होती. सत्त्याऐंशी साली कुसुमताईंच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ तळहाताएवढा गायब झाला. 'उंदरांनी खाल्ला,' त्या म्हणाल्या. अनंतरावांनी त्याच दिवशी सापळा आणला आणि तेव्हापासून दर शनिवारी ते त्याला भाकरीचा तुकडा लावत आले. तेरा वर्षांत एकही उंदीर सापडला नव्हता. 'तुमच्या सापळ्याची ख्याती पसरलीय हो उंदरांत,' असं कुसुमताई म्हणत आणि तोंड फिरवून हसत. ते हसू का, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

लुगडं तळाशी होतं. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन उलगडलं. निळा काठ, पिवळी रुईफुलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सातवं उलटं होतं.

लग्नात यावरून केवढी बोलाबोली झाली होती! अनंतरावांच्या मावशीने 'खोट आहे, परत करा' म्हणून मांडवात हंगामा केला होता. कुसुमच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं, विणकराने दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम घातलंय, तो एवढा एकच म्हातारा असं करतो. पुढे तो म्हातारा वारला, त्याचा मागही विकला गेला.

अनंतराव काठाला पडलेली खाच बोटाने चाचपत होते. उंदीर कुरतडतो तेव्हा कडा दातऱ्या होतात. ही कड सरळ होती, कात्रीची. सगळ्या जगाच्या कागदांवरची खाडाखोड ओळखणाऱ्या माणसाने आपल्याच घरातली ही कड तेरा वर्षं पाहिली नव्हती.

त्यांनी फळीवरून लोणच्याची बरणी घेतली आणि पिशवीत घातली.

५

साडेचारला ग्रंथालयात पाच जण जमले. बाहेर टेम्पो येऊन उभा होता. कुलसचिवबाईंनी फोन जवळ ओढून ठेवला होता.

"बाई, आधी भुताचं सांगतो," अनंतराव म्हणाले आणि त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. तिच्या चिठ्ठीवर १२ ऑक्टोबर १९९८ होतं, तुटक्या नवांसकट. "हा कुसुमचा शिक्का. तिने तो अठ्ठ्याऐंशी साली घेतला. अशा शिक्क्यात सालांचा रबरी पट्टा असतो, बारा सालांचा. अठ्ठ्याऐंशी ते नव्व्याण्णव. 'आम्ही बरोबरच रिटायर होणार' ती म्हणायची, ते यामुळे. त्यापुढे पट्टा कोरा. कॉम्प्युटरसाठी सगळं जग वायटूकेला घाबरलं, पण खरंखुरं अडकलं ते हे दहा रुपयांचं रबर."

"मग काठवहीचं कार्ड?" बाईंनी विचारलं.

"त्यावर एप्रिल दोन हजार आहे. कुसुमचा शिक्का ते साल उमटवूच शकत नाही. त्या तारखेत नऊ नसल्यामुळे तुटकी शेपटी कुणी शोधली नाही, एवढंच. म्हणजे भूत वेगळं आणि चोर वेगळा. भूत आधीपासून होतं, चोराने त्याचा फक्त आडोसा घेतला. दोन हजार साल असलेला शिक्का या इमारतीत एकच आहे, तो एका खणात कुलूपबंद आहे. किल्ली कुणाच्या खिशात असते, ते मला सकाळी न विचारताच सांगितलं गेलं."

सगळे हिंमतरावांकडे पाहू लागले.

"हा मूर्खपणा आहे," हिंमतराव म्हणाले. "मला ती वही हवी असती तर मी कधीही घरी नेली असती!"

"तुम्हाला ती हवी नव्हती. ती नसायला हवी होती. सहा वह्या स्कॅन झाल्या तोवर तुम्ही शांत होतात. सातवी नेटवर गेली असती तर सगळ्या जगाने तिच्यातला एक तुकडा पाहिला असता, आणि परवा दिल्लीत तुम्हाला मान खाली घालावी लागली असती." अनंतरावांनी पिशवीतून लुगडं काढून भित्तिपत्रकाखाली धरलं. "तो तुकडा याच लुगड्याचा. मोजा. सातवं फूल. तुमची ती आधुनिक स्त्री एका म्हाताऱ्या विणकराने पासष्ट साली माझ्या बायकोच्या काठावर विणली, दृष्ट लागू नये म्हणून. स्वतः सुचलं असतं तर ते सातवंच कशाला उलटं असतं?"

अवधूत पुढे झाला आणि खरोखर मोजू लागला. पाचव्या फुलापाशीच हिंमतराव खुर्चीत बसले. झब्ब्याची इस्त्री तशीच होती, माणूस मात्र चुरगळला.

"मी विणकराचं नाव द्यायला हवं होतं," ते म्हणाले. "एवढंच करायचं होतं."

"वही कुठे आहे?" बाई कडाडल्या. "जाळलीत?"

"जाळली नाही त्यांनी," अनंतराव म्हणाले. "ती फाडायला कुठल्याही कलावंताचा हात धजला नसता. म्हणून टेम्पोवर सोपवली. रद्दीच्या पुस्तकांना वेखंड नसतं, बाई. आणि जिन्याखाली परवापासून वेखंडाचा वास येतोय."

दशरथ धावला. तिसऱ्या गोणीत परीक्षेच्या जुन्या अहवालांच्या मधोमध, तपकिरी कागदात गुंडाळलेला सातवा खंड होता.

६

हिंमतराव कुलसचिवांच्या खोलीत राजीनामा लिहायला गेले. राहिलं भूत.

"दशरथ," बाई म्हणाल्या, "चोरी तू केली नाहीस, मान्य. पण नोंदीत खोटे शिक्के मारणं हाही गुन्हाच आहे. एकशे चाळीस वेळा!"

दशरथने कनवटीची फडक्याची पुरचुंडी सोडली. आत शिक्का होता. तो त्याने अनंतरावांच्या हातात ठेवला.

"आता सांगतो. बाई दवाखान्यात व्हत्या तवा ह्यो मला दिला. म्हनल्या, कॉम्प्युटर येनार, दशरथ, आनि न नेलेली पुस्तकं फेकनार. ज्या पुस्तकाला कुनी नेत न्हाई, त्येला तू नेत जा. कुनाला सांगू नको, हसतील. मी सबूद दिला. जानेवारीत फेकाफेकी सुरू झाली, तवापासनं रोज एक-दोन पिशवीत घालून मांजरीला न्यायचो. वाचता येतंय तेवढं वाचायचो, चित्रं बघायचो. दुसऱ्या दिशी जागेवर."

"म्हणजे ती खरोखर बाहेर जात होती?" अवधूतने विचारलं.

"मग काय! शिक्का खोटा कशाला मारू? ह्यो कॉम्प्युटर मला येत न्हाई. शिक्क्यावर पुढचं सालच येईना, एकतीस डिसेंबरलाच अडकून बसला. मला वाटलं, बाईंची तेवढीच इच्छा आसंल."

बाईंनी फोन जागेवर सरकवला.

अवधूत कॉम्प्युटरपुढे बसला. "दशरथकाका, सदस्य क्रमांक सांगा. एकशे चाळीस इश्यू, एकशे चाळीस रिटर्न. टाकून देतो. रूल इज रूल."

दशरथने डोळे पुसले आणि क्रमांक सांगितला. एकतीस वर्षांत तो त्याला कुणी विचारला नव्हता.

अनंतराव खिडकीपाशी वही उघडून बसले होते. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण वासाला कारण सापडलं, शिक्क्याला कारण सापडलं, आणि सकाळपासून हाताच्या अंतरावर उभी असलेली कुसुम त्यांनी स्वतःच्याच हुशारीने घालवून दिली. एवढं वाईट त्यांना ती गेली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या पानावर तो तुकडा होता, तळहाताएवढा, सहा फुलं सुलट आणि सातवं उलटं. खाली तिचं अक्षर. आधी अक्षरं, मग एका फटक्यात ओढलेली रेघ. विणकराचं नाव, गाव, साल. 'मालकीण: सौ. कुसुम देवस्थळी.' आणि शेवटी बारीक अक्षरांत, 'घरी उंदीर सांगितले आहेत. यजमानांनी सापळा आणला. हे पान त्यांना कधीतरी दाखवायचे.'

अनंतराव हसले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी लिंबाच्या बरणीचं झाकण उघडलं आणि ताटात फोड वाढून घेतली. लोणचं छान मुरलं होतं. जेवण झाल्यावर सवयीने भाकरीचा तुकडा हातात राहिला, कारण शनिवार होता. कपाटापाशी जाऊन त्यांनी सापळा बाहेर ओढला, त्याची स्प्रिंग सोडवली आणि तो माळ्यावर टाकून दिला. तुकडा त्यांनी स्वतःच खाल्ला.